वापरात नसलेला नियम

मी सांभाळते ती रुग्णालयाची वेबसाइट हळू उघडते म्हणून साहेबांनी मला न विचारता तिची साफसफाई केली. सीएसएसमधले, म्हणजे पानांच्या सजावटीचे, जे नियम वापरात दिसले नाहीत, ते टूलने उडवले. त्यात अक्षरं मोठी करणारा नियमही गेला, कारण बटण दाबल्याशिवाय तो वापरात येतच नाही. आज बाबांनी औषधांच्या पानावर ते बटण दाबदाबून पाहिलं, शेवटी अंदाजाने गोळ्या घेतल्या आणि चक्कर येऊन पडले. कपाळाला टाके घालून होताच मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. “टूलने पाहिलं तेव्हा तो नियम कुणी वापरत नव्हतं,” चष्मा टेबलावर ठेवून डोळे चोळत साहेब म्हणाले. “एवढा थयथयाट कशाला?” तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचा चष्मा उचलून पर्समध्ये टाकला. साहेब टेबल चाचपू लागले. म्हटलं, “मी पाहिलं तेव्हा तो कुणी वापरत नव्हतं.”