पहिला फोन

आधी दातांचा दवाखाना, मग वकिलाचं ऑफिस, मग फर्निचरचं शोरूम. तिन्हीकडे तिची खुर्ची दारापाशीच असायची आणि काम एकच, फोन घेणं. डॉक्टर डुलकी काढत असोत, वकीलसाहेब बायकोशी भांडत असोत, नाहीतर शेठ तिच्यासमोरच बसून नखं कापत असोत, ती गोड आवाजात सांगायची, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर फोन करा."

शोरूमला टाळं लागलं तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, आता पुरे झालं दुसऱ्याच्या दारात बसणं. घरचे पडदे इतके छान शिवतेस, लोकांचेही शिव की." मागच्या खोलीत मशीन आलं, दारावर पाटी लागली. नंतर कितीतरी दिवस चिटपाखरूही फिरकलं नाही.

आज दुपारी फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, "नवीन हॉटेल काढतोय, सगळ्या खोल्यांचे पडदे शिवून हवेत. मालकीणबाईंशी बोलायचं होतं."

शेजारी बसलेल्या नणंदेनं तिला कोपरानं ढोसलं. ती ताठ बसली, घसा साफ केला.



"मॅडम मीटिंगमध्ये आहेत, नंतर फोन करा," ती गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवून दिला.