दार लावलं की

शंकररावांची जुनी फियाट तिसऱ्यांदा कुळगावात चिंतामणीच्या दुरुस्तीच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा चिंतामणीने आधी बघून न बघितल्यासारखं केलं.

दुखणं तेच होतं. गाण्यांसाठी नवा अँप्लिफायर बसवलेला. दुकानापुढे तो छान वाजायचा. गाडी निघाली की नदीच्या पुलाच्या आतच त्याच्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा आणि आवाज बंद. लाल दिवा म्हणजे आत काहीतरी बिघडतंय म्हणून अँप्लिफायरने स्वतःला वाचवायला तोंड मिटलेलं. चिंतामणीने तो दोनदा टेबलावर काढून आणला, दुकानातले स्पीकर लावून दिवसभर वाजवला. एकदाही लाल झाला नाही. मग तापत असेल म्हणून शेजारी छोटा पंखा बसवून दिला. आता पंख्याचंही काही चाललं नव्हतं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं टाकून, एक पाय रस्त्यावर ठेवून तो मीटर लावत बसला. दिवा हिरवा. शंकरराव स्टुलावर बसून बघत होते. त्यांना नवा अँप्लिफायर घ्यायला सांगायचं, असं चिंतामणीच्या मनात येत होतं.

त्याची बायको कुंदा चहा घेऊन आली. घर दुकानाच्या मागेच होतं, मध्ये फक्त पडदा. लग्नाआधी ती अंबरनाथच्या एका कारखान्यात रेडिओच्या जोडणीवर बसायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तो विषय दुकानात कधी निघाला नव्हता.

ती कप हातात धरूनच दिव्याकडे आणि उघड्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दार लावून बघा."

"दाराचा काय संबंध? चहा ठेव आणि जा."

शंकररावांनी उठून दार लावलं. दिवा लाल झाला.

कुंदाने कप स्टुलावर ठेवला. ती बिजागरीपाशी वाकली आणि दारातल्या स्पीकरकडे जाणारी वायर दोन बोटांनी ओढून काढली. उघडमीट होऊन होऊन तिचं प्लास्टिक एका जागी घासून गेलं होतं. आतलं तांबं दिसत होतं. दार लागलं की ते पत्र्याला टेकायचं. तिने वायरीला गुंडाळायला टेप मागितली. चिंतामणीने ती दिली.

दार लावलं. दिवा हिरवाच राहिला. शंकरराव पुलाच्याही पलीकडे जाऊन आले, काचा खाली करून, गाणं सगळ्या आळीला ऐकवत.

"वहिनी, उद्यापासून तुम्हीच बसा टेबलावर," ते जाताना म्हणाले.

कुंदा हसली. तिचं तसं हसणं चिंतामणीने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते दुसऱ्याच्या बोलण्यावर आलं होतं. जेवताना त्याने आमटीला नावं ठेवली. आमटी रोजच्यासारखीच होती.

शंकररावांनी ही गोष्ट बारवी धरणापर्यंत पोचवली. तिसऱ्या दिवशी तिकडचे कोंडाजी नावाचे म्हातारे गृहस्थ टेपरेकॉर्डर काखेत घेऊन आले. चिंतामणीने हात पुढे केला. त्यांनी सेट दिला नाही.

"बाई हायत का? शंकररावांनी सांगलंय, बाईंनाच दावा."

पडद्यामागे कुंदा सुपात तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज इथपर्यंत येत होता.

"ती माहेरी गेलीय," चिंतामणी म्हणाला. "आठ दिवस येणार नाही. द्या इकडे, मी बघतो."

सुपाचा आवाज थांबला. कोंडाजींनी नाइलाजाने सेट ठेवला आणि ते गेले.

कुंदा बाहेर आली नाही. त्याने जाऊन बघितलं नाही. चारच्या सुमाराला ती पिशवी घेऊन दुकानातून निघाली तेव्हा त्याने कुठे म्हणून विचारलं.

"माहेरी. आठ दिवस."

"हे काय मध्येच?"

"तुम्ही लोकांना सांगितलंय," ती म्हणाली. "खोटे पडायला नको."

ती रागावलेली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. तिने जाताना दूध तापवून ठेवल्याचंही सांगितलं.

कोंडाजींचा सेट मध्येच गप्प व्हायचा आणि आपोआप सुरू व्हायचा. चिंतामणीने तो चार वेळा उघडला. कोंडाजी दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी सेटची नाही, बाईंची चौकशी केली. सहाव्या दिवशी त्याने सेट पिशवीत घातला, दुकान बंद केलं आणि तो अंबरनाथला बुवापाड्यात सासुरवाडीला गेला. तिला घरी आणायला जातोय, असं त्याने शेजारच्या वाण्याला सांगितलं.

चाळीच्या कोपऱ्यावरच त्याला वितळत्या डाखाचा, सोल्डरिंगचा वास आला. पुढे गेल्यावर दिसलं, कुंदा ओट्यावर पोतं अंथरून बसली होती. समोर उघडा रेडिओ, हातात डाखणी, आणि पायरीवर दोन बाया आपापली वस्तू घेऊन थांबलेल्या, एकीची इस्त्री, एकीचा मिक्सर. त्याला परत फिरता आलं असतं. तो मिक्सरवालीच्या मागे उभा राहिला.

इस्त्री झाली. मिक्सर उद्यावर गेला. कुंदाने मान वर न करताच हात पुढे केला.

"काय होतंय?" तिने विचारलं.

चिंतामणीने सेट पिशवीतून काढला आणि तो तसाच धरून उभा राहिला. काय होतंय ते त्याला सांगता येईना.