शुद्ध पाणी

आई शेंगा सोलत होती. मी फोन तिच्याजवळ ठेवला. माणदेशातल्या त्या एकवीस वर्षांच्या गायिकेच्या पहिल्या अल्बमची वाढीव आवृत्ती सकाळीच आली होती. चार गाणी नवी, आणि माझं लाडकं विहिरीचं गाणं तिनं पुन्हा गायलेलं.

जुन्या गाण्यात ती ‘पानी’ म्हणायची आणि तिथूनच लांब लकेर घ्यायची. वर्षभर रोज ऐकलं मी ते. आणि मीच खाली लिहिलं होतं, ‘आवाज गोड, पण आधी न आणि ण शिका.’ नऊशे लाईक आले. मला बरं वाटलं होतं.

आता ती ‘पाणी’ म्हणाली. त्या शब्दापाशी दर वेळी थबकून, फळ्यापुढं उभं केल्यासारखी. लकेर आलीच नाही.

आईचे हात थांबले. “पोरीला कुनी बोललं का रं? भ्याल्यावानी गातीया.”

आईही पानीच म्हणते. माझे मित्र आले की ती आतच बसते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

“कोणी नाही,” मी म्हणालो. ण अगदी स्वच्छ उमटला.