तिसऱ्या पायरीवरचा अर्ज

"सह्या कर आन् मोकळी हो," चतुराबाई सुनेला म्हणाल्या. "तीनच हायेत."

कागद जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ताटलीखाली ठेवले होते. वर राहणारा दीर ललित आणि तळमजल्यावरची उज्वला यांची देवाणघेवाण तिथूनच चाले. विजेची बिलं असोत की सत्यनारायणाचा प्रसाद, सगळं तिसऱ्या पायरीवर. तिचा नवरा महेश तीन वर्षांपूर्वी इगतपुरीच्या घाटात अपघातात गेला तेव्हा मोटारसायकल ललित चालवत होता. त्याला नुसतं खरचटलं. त्या दिवसापासून उज्वलाने दिराच्या हातून काही घेतलं नव्हतं, आणि घेणारही नव्हती.

"कसले कागद?"

"गच्चीवर सोलर बसवायचंय. सरकार अनुदान देतंय म्हणे. गच्ची दोघांची, म्हून तुझी सही लागती."

"म्हणजे साहेबांचं बिल शून्य. आणि मी मरते इथे घरघंटीवर लोकांची दळणं दळत!"

सासूबाईंनी ताटली उचलून कागद पुढे केले. त्यांच्याकडे बघून उज्वलाने तीन सह्या ठोकल्या. वाचलं एक अक्षर नाही. ललितचं अक्षर बघायचीही तिला शिसारी होती.

आठ दिवसांनी दोन माणसं मापं घ्यायला आली. त्यांनी खडूने आखलं ते नेमकं तिच्या हिश्शात, जिथे ती लोकांच्या भाजणीचं धान्य वाळवायची. "ऊन इथेच चांगलं लागतं," त्यांतला एक म्हणाला. ऊनही आता यांच्या मालकीचं!

संध्याकाळी ललित जिन्यात थांबला. भिंतीकडे बघत म्हणाला, "वहिनी, घरघंटी रोज किती तास चालते?"

"का? झोपमोड होते का तुमची?"

तो वर गेला. आधी गच्ची, मग घंटी, तिने मनाशी हिशोब जुळवला. त्या घंटीवर मुलीची, वेदिकाची शाळा चालली होती. बिल असंच वाढत राहिलं तर दिवाळीनंतर ती बंदच करावी लागणार होती. हा मेला तेवढीही वाट बघायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने वीज कार्यालय गाठलं.

"आमच्या पत्त्यावर सोलरचा अर्ज आलाय. तो रद्द करा."

खिडकीतल्या बाईंनी पत्ता टाकला. "एकच दिसतोय. मंजूरही झालाय. सही तुमचीच ना?"

"माझीच. फसवून घेतलेली."

"मग तुमच्या सहीने रद्द होईल. पण ताई, विचार करा. तुमच्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, सोलरसाठी एवढीच जागा उरली होती. आता ती यादीतल्या पुढच्याला जाईल. परत कधी मिळेल, सांगता येणार नाही."

"कधीच नाही मिळाली तरी चालेल," उज्वला म्हणाली आणि झोकात सही केली. तीन वर्षांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

घरी येऊन तिने गच्चीवरच्या खडूच्या रेघा पाणी ओतून खराट्याने घासल्या. जागा सुकताच तिथे हरभऱ्याची डाळ पसरली, चांगली ऐसपैस.

सहाच्या सुमाराला ललितच्या मोबाइलवर मेसेज वाजला. तो खाली आला. ती पदर खोचून उभीच होती. बोल म्हणावं, आज बोलच.

"तुम्ही रद्द केला?"

"केला. गच्ची माझ्या नवऱ्याची आहे. तुमच्या फुकटच्या विजेसाठी नाही ठेवली त्याने."

चतुराबाई कठड्याला धरून वरून बघत होत्या. "सांग ना रे आता तरी," त्या म्हणाल्या. "ती घेनार न्हाई, घेनार न्हाई म्हून किती दिस लपवशील?"

त्याने हातातली फाईल तिसऱ्या पायरीवर ठेवली आणि तो वर निघून गेला.

आपण नेमकं काय मोडलं ते डोळे भरून बघावं म्हणून उज्वलाने फाईल उघडली. या वेळी तिने सगळं वाचलं. अनुदान सोडून उरलेले पैसे भरणार: ललित धोंडीराम बोरस्ते. वीज कोणत्या मीटरला: तळमजला. आणि अर्जदार म्हणून, तिने न बघता ठोकलेल्या सहीच्या वर, तिचंच नाव होतं.