कंबरदुखीची पट्टी

पंधरा दिवस कुमुदच्या पोटात जळजळ होत होती, आणि तिचा नवरा दिनकर मात्र शीळ घालत आंघोळ करत होता. रोज साहेबाच्या शिव्या खाऊन येणारा माणूस इतका खुलतो कसा?

पैसेवाले लोक ताण वाहायला भाड्याने हमाल ठेवत. मालकाच्या मानेला लाल पट्टी, हमालाच्या अंगावर पांढरी; लालवाल्याचा ताण पांढरीवाल्याच्या अंगात उतरे. पण दिनकर चपलेच्या अंगठ्यासाठीही घासाघीस करणारा. त्याला हमाल परवडेल?

तो दाढी करत असताना ती म्हणाली, "अहो, स्कूटर चोरीला गेली."

"जाऊ दे गं, पायी जाईन."

स्कूटर खालीच होती, कुमुदनेच तिला कुलूप लावलं होतं. तरी तिच्या छातीत धडधडायला लागलं, तळव्यांना घाम फुटला. तिने कंबर आरशाकडे वळवली. कंबरदुखीची म्हणून तो रोज प्रेमाने चिकटवायचा, ती पट्टी पांढरी होती.

"अगं, तू तशीही काळजी करतेसच," दिनकर फेस पुसत म्हणाला. "म्हटलं, त्यात माझी थोडी खपून जाईल."

"बरोबर आहे तुमचं. वळा जरा."

मानेवरच्या केसांआडची लाल पट्टी तिने सोलली आणि स्वतःला लावली. पांढरी त्याच्या पाठीच्या मधोमध थापली, हात पोचणार नाही अशी. मग चहा घेऊन बसली आणि लग्नापासूनचं एकेक आठवायला लागली. सासूबाईंपर्यंत पोचायच्या आतच दिनकर पोट धरून मोरीच्या कठड्यावर बसला होता.