वाचणाऱ्याची खुर्ची

“थांबा,” सर म्हणाले.

तिचं पहिलं वाक्य अजून अर्ध्यावरच होतं.

व्यावसायिक लेखनाच्या एम.ए.ला, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, दर शुक्रवारी हेच चालायचं. ज्यानं मजकूर लिहिला त्यानं उभं राहून वाचायचा. समोरच्या खुर्चीत कुणीतरी वाचणारा होऊन बसायचं, कधी चिडलेलं गिऱ्हाईक, कधी पेन्शनसाठी खेटे घालणारे आजोबा. कळलं नाही की त्यानं थांबवायचं. शेवटी जे कळलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. बरोबर सांगितलं तर लिहिणारा पास. चुकलं तरी नापास लिहिणाराच, कारण वाचणारा कधी चुकत नसतो. नियम सरांचा.

आज खुर्चीत सर स्वतः बसले होते. सोंग घ्यायची गरज नव्हती. पत्र त्यांनाच आलेलं होतं.

तिनं खरं तर पाण्याची टाकी धुण्याची सूचना आणली होती. चार ओळी, कुणाला न दुखवणाऱ्या. सर म्हणाले ते नको, सकाळी माझ्या टेबलावर आलं ते वाचा. ती संस्थेच्याच संपर्क कार्यालयात उमेदवारी करत होती, आणि तिथून जाणाऱ्या पत्राच्या खालच्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरं छापतात, हे तिच्या डोक्यातूनच गेलं होतं. आज पास झाली तर तिथली नोकरी पक्की. नाही तर ती जागा दुसऱ्याला द्यायची, असं कार्यालयातल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

“हं. पहिल्यापासून.”

*संस्थेच्या जडणघडणीत आपण दिलेल्या मोलाच्या योगदानाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.*

“थांबा. आम्ही म्हणजे कोण?”

संस्था, ती म्हणाली. संस्था म्हणजे ही इमारत का, सरांनी विचारलं, की वरच्या मजल्यावरची मंडळी, की तुम्ही, मॅडम?

इतके दिवस ते तिला अगं-तुगं करत आले होते. आजचं ‘मॅडम’ कानाखाली बसल्यासारखं लागलं.

*बदलत्या शैक्षणिक गरजा लक्षात घेऊन विभागाच्या रचनेचा फेरविचार करण्यात आला*

“थांबा.”

*आहे.*

सर म्हणाले, माझं डोकं जरा जड आहे, पुन्हा वाचा. तिनं पुन्हा वाचलं. ते म्हणाले, आणखी एकदा. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि साथ मिळेना म्हणून गप्प झालं. काहीतरी भलतंच चाललंय याचा वास आता वर्गाला लागला होता.

*त्या अनुषंगाने आपल्या सेवेची आवश्यकता चालू सत्रापुरती मर्यादित राहील.*

इथं ते थांबवतील म्हणून ती थांबली. सरांनी थांबवलं नाही. नुसते बघत राहिले.

*आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.*

संपलं.

पहिल्या वर्षी याच खोलीत सरांनी तिचा पहिला मसुदा दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तसा धरून सगळ्यांना दाखवला होता. हे वाचून माणूस मरेल, ते म्हणाले होते, पण कशानं मेला ते त्याला कळणार नाही. पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये पोरं तिला बघून छातीवर हात ठेवून मरत होती. सरांच्या पत्राचं काम कार्यालयात आलं तेव्हा बाई ते स्वतःच लिहायला बसल्या होत्या. हिनंच हात पुढे केला होता. मी करते, म्हणाली होती, आणि जरा घाईनंच.

“आता मला काय कळलं ते सांगतो,” सर म्हणाले. ते रेलून बसले. “संस्था माझ्यावर खूश आहे. विभागाची नव्यानं बांधणी होणार आहे. आणि पुढच्या वाटचालीत मी आहेच.”



“म्हणजे तुम्ही नापास,” ते म्हणाले आणि गुणपत्रक पुढे ओढलं.

“सर, तुम्हाला कळलंय.”

“वाचणाऱ्याला खोटं पाडायचं नाही, मॅडम. एक संधी असते. घ्यायची असेल तर घ्या.”

संधी म्हणजे कागद खाली ठेवायचा आणि सगळं एका वाक्यात, तोंडी सांगायचं. तिनं कागद टेबलावर ठेवला.  आधी कार्यालयातलीच वाक्यं आली, खेदपूर्वक, सदर, अनुषंगाने, सगळी नीट भांग पाडून ओळीनं उभी. तिनं एकेकाला परत पाठवलं. सर पेनाचं टोपण काढून बसले होते. त्यांना घाई नव्हती. खरं काय ते तिच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सर या खोलीतून जाणार नव्हते, हे तिला दिसलं. आणि तिलाही ते कधीपासून म्हणायचंच होतं.

“सर, तुम्हाला काढून टाकलंय, आणि हे सत्र संपलं की तुम्ही इथं यायचं नाही.”



“कळलं,” सर म्हणाले. त्यांनी गुण लिहिले. वर्षभरात कुणालाच दिले नव्हते इतके.  मग कागद तिला दिसेल असा फिरवला. “कधी नव्हे ते नीट सांगितलंस.”

तिच्या पाठीमागे सळसळ झाली. कुणीतरी उठून चाललं असेल, निदान एक जण तरी, असं वाटून तिनं वळून पाहिलं.

सगळे जागच्या जागी होते. माना खाली घालून तिचं वाक्य उतरवून घेत होते.