निवळीची बी

कापूस घेऊन अकोल्याला निघालेल्या सूर्यभानने वाटेतल्या डोहापाशी बैल सोडले. पुढे गेलेल्या शेकडो गाड्यांनी डोहाचा पार चिखल करून ठेवला होता. पोर जमुनासाठी घरच्या विहिरीच्या पाण्याचा तुंबा होता, मोठ्यांसाठी डोहच. निवळीची बी मडक्याला आतून घासली की गाळ खाली बसतो, पण बी एकच उरली होती. एका मडक्यापुरती.

"दुसरं मडकं मी चुलीवर ठेवून पाह्यतो," बायको मैना म्हणाली. तिने कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. पाणी खळखळून उकळलं, निवलं, तरी मातकटच राहिलं.

सूर्यभान हसला. "सरपन वाया घातलं न! हे काय मानसानं पेयाचं पानी हाय?"

"मी पेतो न ते. तुमी निवळीचं प्या."

दुसऱ्या दिवशी सूर्यभानला पटकी लागली, उलट्या-जुलाब थांबेनात. दिवस बुडायच्या आत तो गेला. मैनाने त्याला गाडीतल्या कापसावरच निजवलं आणि कासरा हातात घेतला. मागच्या गाड्या वळसा घालून पुढे निघून गेल्या.

तुंबा रिकामा झाला, तशी जमुनाने जवळच्या मडक्याकडे हात नेला. मैनाने तो झटकन मागे ओढला.

"ते नोको, माय. ते माह्यं हाय, मातकट. पटकी लागंन तुले."

आणि सूर्यभानच्या मडक्यातलं नितळ पाणी तिने पोरीच्या तोंडाला लावलं.